मोंतोने: तेव्हाचं जुनं, आताचं जुनं

मोंतोने आज जितकं जुनं दिसतं, तितकं जुनं ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दिसत नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला या गावातल्या कितीतरी भिंतींवर सिमेंटचा गिलावा होता, छपरांवर टीव्हीच्या अँटेनांचं रान माजलं होतं, खिडक्यांना ॲल्युमिनियमच्या चौकटी होत्या आणि चौकात जागा मिळेल तिथे फियाट पांडा घुसवलेल्या असायच्या. आता गिलावे खरवडून आतला दगड उघडा केलाय, तारा भिंतींत गेल्यात, पाहुण्यांच्या गाड्या तटाबाहेर थांबतात. जिथे चादरी वाळत घातलेल्या असायच्या, तिथे जिरेनियमच्या कुंड्या आल्यात. गाव पाचशे वर्षं मागे गेलंय, आणि त्यासाठी त्याला तीस वर्षं पुढे यावं लागलं.

हे गाव मध्य इटलीत, उंब्रियात आहे. पेरुजा शहराच्या उत्तरेला टायबर नदीचं वरचं खोरं लागतं. रोमच्या पुलांखालून ऐटीत वाहणारी ती हीच टायबर. तिथले लोक तिला तेवेरे म्हणतात. इथे ती अजून लहान आहे. तिचा उगम फुमायोलो नावाच्या डोंगरात. हा डोंगर पूर्वी टस्कनीत होता. १९२३ साली जिल्ह्यांच्या सीमा सरकवल्या आणि तो मुसोलिनीच्या फोर्ली जिल्ह्यात आणून ठेवला. रोमची नदी आपल्याच मुलखात उगम पावली पाहिजे, एवढीच हौस! नदीला त्याचा काही फरक पडला नाही. ती पूर्वीसारखीच चारशे किलोमीटर वाहत समुद्राला मिळते.

लाखो वर्षांपूर्वी या खोऱ्यात एक लांबच लांब सरोवर होतं. ते आटलं आणि सपाट, गाळाची जमीन मागे राहिली. दोन्ही बाजूंना अपेनाइनच्या रांगा आहेत. पूर्वेकडच्या डोंगरांतून कार्पिना नावाचा ओढा येऊन टायबरला मिळतो. त्या बाजूच्या टेकडीवर, समुद्रसपाटीपासून ४८२ मीटर उंचीवर, तटबंदीच्या आत आवळून बसलेलं मोंतोने आहे. खाली सुपीक सपाटी, वर राखायला सोपी टेकडी. मध्ययुगात गाव वसवायला आणखी काय हवं?

मी तेव्हा पेरुजात इटालियन शिकत होते. परदेशी लोकांना इटालियन शिकवणारं तिथलं विद्यापीठ जुनं आणि नावाजलेलं आहे. सुट्टीच्या दिवशी छोट्या आगगाडीनं उंबेर्तिदेपर्यंत जायचं आणि तिथून निळ्या बसनं डोंगर चढायचा. फोन करायचा तर बारमध्ये जाऊन खाचांची नाणी, म्हणजे जेत्तोने, घ्यायची आणि ती संपेपर्यंत बोलायचं. कॉफी साधारण हजार लिरांची. त्या हजारच्या नोटेवर मारिया मॉन्टेसरींचं चित्र होतं. लिरा जाऊन २००२ मध्ये युरोच्या नोटा आल्या आणि त्यांवर माणसांऐवजी कमानी आणि पूल आले, तेही कुठलेच खरे नव्हेत.

मॉन्टेसरींचा उल्लेख नुसता नोटेपुरता नाही. मोंतोनेपासून थोडंसं उत्तरेला चित्ता दि कास्तेल्लो नावाचं मोठं गाव आहे. त्याच्या वरच्या टेकडीवर विला मोंतेस्का ही बॅरन लेओपोल्दो फ्रांकेत्ती आणि त्यांच्या पत्नी अलिचे यांची हवेली. या अलिचेबाईंनी शेतमजुरांच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि बायकांसाठी हातमागाची कार्यशाळा सुरू केली. १९०९ च्या उन्हाळ्यात मॉन्टेसरींनी शिक्षकांसाठीचा आपला पहिला प्रशिक्षणवर्ग याच हवेलीत घेतला आणि त्यांचं पद्धतीवरचं पुस्तकही त्याच वर्षी याच गावातल्या छापखान्यातून बाहेर पडलं. पुढे ताराबाई मोडकांनी आपल्याकडे जी बालवाडी रुजवली, तिच्या मुळाशी असलेली पद्धत इथे, तंबाखूच्या या खोऱ्यात, कागदावर उतरली होती. मला हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. मी नोट मोडून कॉफी प्यायले.

तंबाखूबद्दल मात्र कोणी सांगायची गरज नव्हती. ऑगस्ट-सप्टेंबरात बसमधून उतरलं की आधी वास यायचा: गोडसर, धुरकट, घशात बसणारा. निपाणीच्या बाजारातून कधी गेला असाल तर तो वास कसा असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. या खोऱ्यात दोन जातींचा तंबाखू होतो. सिगरेटसाठीचा फिकट पानाचा तंबाखू गरम हवेवर वाळवतात. तोस्कानो चिरुटासाठीचा केंटकी मात्र ओकच्या लाकडाच्या धुरावर कित्येक दिवस शेकतात. वाळवणीच्या उंच, अरुंद इमारतींच्या छपरांवर धुराड्यांची रांग असायची आणि पहाटे त्या सगळ्या एकदम धुरायच्या. पानं तोडणारे पुरुष, निवडणाऱ्या आणि बांधणाऱ्या बायका. संध्याकाळी मोंतोनेच्या बारमध्ये येणाऱ्या माणसांची बोटं तपकिरी असायची आणि साबणानं ती निघत नसत.

हा तंबाखू इथे आला कसा, त्याची गोष्ट इतकी मजेदार आहे की गावाची वाट सोडून थोडं आडवळणानं जावंसं वाटतं. १४४० च्या सुमारास पोप चौथे युजीन यांनी खोऱ्याच्या वरच्या टोकाचं सान्सेपोल्क्रो फ्लोरेन्सला देऊन टाकलं. करारात हद्द म्हणून लिहिला एक ओढा. पण तिथे ओढे होते दोन, दोन्हींना एकच नाव. पोपच्या माणसांनी एक धरला, फ्लोरेन्सवाल्यांनी दुसरा. मधली पट्टी कोणाचीच राहिली नाही. त्या पट्टीत कोस्पाया नावाची वाडी होती. तिथल्या शेतकऱ्यांनी जाहीर केलं की आम्ही स्वतंत्र! त्यांना ना राजा, ना सैन्य, ना कर. जवळपास चारशे वर्षं हे चाललं. सोळाव्या शतकात तंबाखू या भागात आला. पोपच्या राज्यात त्याच्यावर बंधनं आली, तेव्हा कोस्पायात तो खुशाल पिकायला लागला, कारण तिथे बंदी घालायलाच कोणी नव्हतं. शेवटी १८२६ मध्ये शेजारच्या दोन सत्तांनी मिळून हे प्रजासत्ताक मोडून काढलं. रहिवाशांना माणशी एक चांदीचं नाणं मिळालं आणि वर्षाला पाच लाखांपर्यंत तंबाखूची रोपं लावायची परवानगी. लिखापढीतल्या एका चुकीतून एका अख्ख्या खोऱ्याचं पीक ठरलं.

त्या तंबाखूची आजची अवस्था चित्ता दि कास्तेल्लोत पाहायला मिळते. तिथले वाळवणीचे अवाढव्य गोदामवजा मांडव आता काळ्या रंगात रंगवलेले आहेत आणि आत अल्बेर्तो बुर्री यांची भव्य चित्रं लावली आहेत. बुर्री याच गावचे, १९१५ चा जन्म. पेशानं डॉक्टर. युद्धात कैद होऊन अमेरिकेत टेक्सासच्या छावणीत पडले असताना ते पोत्याच्या तरटावर चित्रं काढू लागले. परत आल्यावर डॉक्टरकी सोडली आणि तरट, जळकं लाकूड, वितळवलेलं प्लास्टिक यांतून विसाव्या शतकातली काही मोठी चित्रं उभी केली. १९६६ च्या नोव्हेंबरात फ्लोरेन्सला आर्नो नदीचा पूर आला आणि ग्रंथालयातली पुस्तकं चिखलात गेली, तेव्हा त्यांतली बरीचशी वाळवायला या खोऱ्यातल्या तंबाखूच्या मांडवांतच आणली होती. हे काळे मांडव १९९० पासून चित्रांसाठी खुले आहेत. पानं, मग पुस्तकं, मग चित्रं. या इमारतींइतका चांगला पुनर्जन्म फार थोड्या इमारतींच्या वाट्याला आला असेल. पण आत आता तंबाखूचा वास येत नाही. मी मुद्दाम भिंतीला नाक लावून पाहिलं. पहारेकऱ्यानं माझ्याकडे संशयानं बघितलं.

तंबाखू अजून पिकतो, पण पूर्वीइतका नाही. युरोपीय संघाचं अनुदान आटलं, सिगरेट ओढणारे घटले. आता शेतात वाकलेली माणसं बहुतेक बाहेरून आलेली असतात, मोरोक्कोची, रोमानियाची. बारमध्ये तपकिरी बोटं दिसत नाहीत.

जुनं ते सोनं म्हणायचा मोह इथे आवरावा लागतो. टेकड्यांवरची ती देखणी दगडी शेतघरं, ज्यांच्या चित्रांवर आज इटलीच्या सहली विकल्या जातात, ती वाटेकऱ्यांची होती. मेझ्झाद्रिया या पद्धतीत जमीन मालकाची, राबणूक कुळाच्या सगळ्या कुटुंबाची आणि पीक निम्मं-निम्मं. खाली गोठा, वर पंधरा-वीस माणसांचं खटलं. गुरांच्या उबेवर वरच्या खोल्या उबदार राहाव्यात म्हणून तशी रचना. मुलगा लग्नाला आला तरी मालकाच्या कानावर घालावं लागे, कारण घरात माणूस वाढला की हिशेब बदलायचा. १९६४ च्या कायद्यानं असे नवे करार बंद केले. तोवर तरुण माणसं वाट पाहत थांबलीच नव्हती. ती मिलान-तुरिनच्या कारखान्यांकडे निघून गेली होती. घरं ओस पडली, छपरं खचली. मग सत्तर-ऐंशीच्या दशकांत इंग्रज, जर्मन, डच आले. त्यांनी ती पडीक घरं विकत घेतली, गोठ्याचा दिवाणखाना केला आणि खळ्यावर पोहण्याचा तलाव बांधला. १९८५ मध्ये शेतघरात पाहुणे ठेवण्याचा कायदा झाला आणि उरलेल्या शेतकऱ्यांनाही वाट सापडली.

नव्वदच्या दशकात मी ज्या म्हाताऱ्यांशी बोलायचे, त्यांतल्या एकालाही ते दिवस परत नको होते. माझ्या पेरुजातल्या घरमालकीण सिन्योरा तशाच एका वाटेकऱ्याच्या घरात वाढलेल्या. एका रविवारी त्या माझ्याबरोबर मोंतोनेला आल्या. सान फ्रान्चेस्को चर्चपाशी, गावाच्या माथ्यावर, मी खालच्या शेतघरांकडे बोट दाखवून "किती सुंदर!" म्हणाले. त्या म्हणाल्या, "दुरून, हो." आणि पर्समधून पंखा काढून वारा घेत बसल्या.

त्या चर्चमध्ये, म्हणजे आताच्या संग्रहालयात, बार्तोलोमेओ कापोराली यांनी १४८२ मध्ये रंगवलेलं एक निशाण आहे. प्लेगच्या साथीत असं निशाण मिरवणुकीत फिरवायचे. मेरीमातेनं अंगावरचा झगा पसरून माणसांना त्याखाली घेतलंय आणि खाली एवढंसं मोंतोने काढलंय. गावाचं इतकं जुनं चित्र गावातच टिकून राहावं, हे भाग्यच. आपण रंगवतोय ते गाव नुकतंच मोडकळीला आलंय, हे कापोराली यांना माहीत होतं. चारच वर्षांपूर्वी, १४७८ मध्ये, पोप चौथे सिक्स्टस यांच्या हुकमानं मोंतोनेचा किल्ला जमीनदोस्त केला होता.

तो किल्ला ब्राच्चोचा. मोंतोनेच्या इतिहासात एक माणूस असा आहे की बाकी सगळं त्याच्या सावलीत जातं. आंद्रेआ फोर्तेब्राच्चो, म्हणजे ब्राच्चो दा मोंतोने, जन्म १३६८ चा. भाडोत्री सेनापती. त्या काळी इटलीतली राज्यं लढायांची कंत्राटं देत आणि ब्राच्चो त्या धंद्यातला अव्वल माणूस होता. १४१६ मध्ये त्यानं पेरुजा जिंकलं आणि तिथला धनी झाला. पुढच्या वर्षी त्यानं चक्क रोम घेतलं आणि सत्तरएक दिवस राखलं. नुसता तलवारबहाद्दर नव्हता. त्रासिमेनो सरोवराचं पाणी तुंबून शेतं बुडायची, म्हणून त्यानं डोंगराखालून बोगदा खणून पाणी काढून दिलं. मध्य इटलीत स्वतःचं राज्य उभं करायचं स्वप्न होतं. १४२४ च्या जूनमध्ये लाक्विला शहराबाहेरच्या लढाईत जखमी झाला आणि तीन दिवसांत गेला. पोपनं त्याला धर्मबाह्य ठरवलं होतं, म्हणून पवित्र भूमीत दफनही मिळालं नाही. आठेक वर्षांनी अस्थी पेरुजाला आणल्या.

त्याचा मुलगा कार्लो व्हेनिसच्या चाकरीत नावारूपाला आला. व्हेनिसनं त्याला एक बक्षीस दिलं: ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातला म्हणून पुजला जाणारा एक काटा. १४७३ मध्ये कार्लोनं तो आपल्या गावाला अर्पण केला. आजही ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी तो काटा दर्शनाला काढतात आणि ऑगस्टमध्ये आठवडाभर त्या दानाचा सोहळा होतो. गावात तीन वेशी आणि त्यांच्या नावानं तीन आळ्या: बोर्गो, मोंते आणि वेर्झिएरे. तिन्ही आळ्यांत चुरस लागते. धनुर्विद्या, नाटकं, एकमेकांची टर उडवणारी आव्हानपत्रं. पंधराव्या शतकातले कपडे घालून माणसं मशाली धरून चालतात.

मी पहिल्यांदा हा सोहळा पाहिला तेव्हा मशालधारी मुलाच्या मखमली अंगरख्याखालून पांढरे बूट दिसत होते. झालरीचे कपडे घरच्या शिवणयंत्रावरचे होते आणि एका सरदारानं मिरवणूक थांबल्यावर खिशातून सिगरेट काढून मशालीवरच पेटवली. परवा पाहिलं तर कपडे अभ्यासून शिवलेले, बूट चामड्याचे, गाठीसुद्धा काळाला धरून. आता सगळं अस्सल झालंय. मला ते पांढरे बूट आठवले आणि थोडी चुटपुट लागली, एवढंच. दर्जा सुधारलाय यात वाद नाही, आणि सुधारलेल्या दर्जाबद्दल तक्रार करणं हा पाहुण्यांचा आवडता उद्योग आहे. गावकरी तो करत नाहीत.

आता युद्धाबद्दल.

१९४४ च्या ४ जूनला दोस्त सैन्य रोममध्ये शिरलं. जर्मन फौजा एकेका डोंगरावर अडवणूक करत उत्तरेकडे सरकत होत्या. मागे पूल उडवायचे, रस्त्यांत सुरुंग पेरायचे. टायबरचं खोरं हा उत्तरेकडचा एक सरळ रस्ता, त्यामुळे युद्ध याच वाटेनं वर चढलं. त्याच्या आधी, २५ एप्रिलला, उंबेर्तिदेतला टायबरवरचा पूल पाडायला दोस्तांची विमानं आली. पूल राहिला बाजूला आणि बाँब वस्तीवर पडले. सत्तरच्या आसपास माणसं गेली. २८ जूनला त्याच गावाजवळच्या पेनेतोला या शेतवाडीत जर्मन सैनिकांनी माणसांना घरात कोंडून घर पेटवलं. १२ जण मेले, त्यांत मुलंही होती. ज्या अरुंद रुळांच्या रेल्वेनं हे खोरं एकीकडे अरेत्सोला आणि दुसरीकडे गुब्बियोला जोडलं होतं, ती १८८६ ची आगगाडी माघार घेणाऱ्या जर्मनांनी उखडून टाकली. ती पुन्हा कधी धावली नाही.

या खोऱ्यात लढायला आलेल्या दोस्त फौजांत चौथी आणि दहावी या हिंदी डिव्हिजन होत्या. पंजाबी, शीख, गढवाली, गुरखा आणि मराठे. मोंतोनेच्या बारमध्ये एका म्हाताऱ्या बाईंनी मी इंदियाची म्हटल्यावर डोक्याभोवती हात गोल फिरवून पगडी दाखवली होती आणि मग दोन्ही तळव्यांनी हवेत भाकरी थापून दाखवली. पगडीवाले म्हणजे ते शीख असणार, नाहीतर पंजाबी पलटणीतले. मराठे त्यांच्या लक्षात राहिले नसावेत. डोक्यावर लोखंडी टोप घातला की आपली माणसं चटकन वेगळी ओळखू येत नाहीत.

१० जुलै १९४४. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक कंपनी मोंतोनेच्या परिसरातल्या जर्मन ठाण्यावर चालून गेली. एका तुकडीचे म्होरके होते नाईक यशवंत घाडगे, वय २२, रायगड जिल्ह्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यातल्या, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. घाडगे सोडून तुकडीतला प्रत्येक जण ठार झाला किंवा जखमी होऊन पडला. ते एकटेच पुढे धावले. पहिला हातगोळा टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी केले. टॉमीगननं आणखी एकाला मारलं. गोळ्या संपल्या. नवं मॅगझिन घालायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं ठेचलं. आडून नेम धरून बसलेल्या जर्मनांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि एकट्यानं घेतलेल्या त्याच ठाण्यात ते गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव कासिनोच्या युद्धस्मारकावर कोरलेलं आहे. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला, आणखी उत्तरेला सेनियो नदीच्या काठी, नगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांनी तोच सन्मान मिळवला, आणि ते जगले. इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यांतले सहा हिंदी सैनिकांचे. ५,७८२ हिंदी सैनिक त्या देशात कामी आले.

हे सैनिक कोणाच्या साम्राज्यासाठी लढले, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी विचारला जातो आणि तो रास्तच आहे. बेचाळीसचं आंदोलन चिरडलेल्या सरकारच्या वर्दीत ते होते. पण पेनेतोलाच्या शेजारच्या वाडीतल्या माणसाला त्या जुलैमध्ये वर्दी कोणत्या राजाची यापेक्षा जर्मन मागे हटले की नाही, याची पडली होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि आपण त्यांतली एकच सांगत आलो म्हणून घाडग्यांचं नाव शाळेच्या पुस्तकांपेक्षा दूरच्या एका इटालियन गावात जास्त ठळकपणे लिहिलं गेलं.

कारण मोंतोनेनं ते लिहिलं. जुलै २०२३ मध्ये मोंतोनेच्या नगरपालिकेनं आणि युद्धाचा अभ्यास करणाऱ्या इटालियन मंडळींनी मिळून गावात यशवंत घाडगे यांच्या नावानं एक सूर्यघटिका उभारली. भारताच्या राजदूत समारंभाला हजर होत्या. तिच्यावरच्या लॅटिन वाक्याचा आशय असा की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. मी पूर्वी ज्या गल्ल्या तुडवल्या, तिथे माझ्या मुलखातल्या या माणसाचं नाव सांगणारी ही घटिका नव्हती. ब्राच्चोच्या नावाचा चौक होता, कार्लोचा काटा होता. भाडोत्री सेनापतीला चौक आणि पगारी नाइकाला आता सूर्यघटिका. पाचशे-सहाशे वर्षं आठवणी जपणाऱ्या गावाला ऐंशी वर्षांचा उशीर म्हणजे फार नाही.

आठवण ठेवणारी माणसं मात्र कमी होतायत. गावची लोकसंख्या सोळाशेच्या घरात आहे आणि त्यांतले बरेच तटाबाहेर, खालच्या नव्या वस्तीत राहतात. तटाच्या आत हिवाळ्यात संध्याकाळी फिरलं तर निम्म्या खिडक्यांत दिवा नसतो. इटलीतल्या सर्वांत सुंदर गावांच्या यादीत मोंतोनेचं नाव आहे. उन्हाळ्यात चित्रपट महोत्सव होतो आणि चौकात रात्री पडदा लागतो. दिग्दर्शक टेरी गिलियम या महोत्सवाशी वर्षानुवर्षं जोडलेले आहेत. ते सगळं छान आहे. पण पूर्वी त्या चौकात जानेवारीतही पत्त्यांचा डाव आणि त्यावरून भांडण हमखास मिळायचं. आता जानेवारीत टेबलं आत घेतलेली असतात. पेरुजाहून येणारी आमची ती छोटी गाडी २०१७ मध्ये देखभालीअभावी थांबवावी लागली. पुढे खालचा टप्पा सुरू झाला, तरी सान्सेपोल्क्रोकडचा वरचा टप्पा वर्षानुवर्षं बंदच राहिला. ९ मार्च २०२३ ला खोऱ्यात भूकंप झाला आणि उंबेर्तिदेच्या हद्दीतल्या पिएरांतोनियोत कितीतरी कुटुंबांना घरं सोडावी लागली. म्हणजे सूर्यघटिका उभारली त्याच्या चारच महिने आधी शेजारची माणसं बेघर झाली होती.

माझं मत विचाराल तर तेव्हाचं मोंतोने राहायला अधिक जिवंत आणि आताचं पाहायला अधिक चांगलं. गाव पाहण्यासाठी नसतं, राहण्यासाठी असतं, तेव्हा पारडं कुठे झुकतं ते उघड आहे. तरी तिथल्या लोकांना दोष देता येत नाही. तंबाखूवर, वाटेकरीवर ते गाव तगलं नसतं. दगड उघडे करून, काटा मिरवून, पडदा लावून निदान सोळाशे माणसं तरी राहिलीयत. आसपासच्या टेकड्यांवर अशी गावं आहेत, जिथे तेही नाही.

रोम ते फ्लोरेन्स करणाऱ्या मराठी सहली या खोऱ्याच्या पश्चिमेकडून सुसाट निघून जातात. त्यांतल्या कोणी अर्धा दिवस काढून उंबेर्तिदेच्या फाट्यावरून वर वळावं, ही विनंती. आणि इटलीला जाणं नाही जमलं, तर मुंबई-गोवा महामार्गावर माणगावला गाडी थांबवा. तहसील कचेरीच्या आवारात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. तिकीट लागत नाही.